तिसरा पुकारा

डोरोथीने टाकोचा पहिला घास घेतला आणि त्याचे मधोमध दोन तुकडे झाले. आतला राजमा, कोबी, टोमॅटो सगळं भसकन ताटलीत आलं. नशीब, ताटलीत आलं. थोडं अलीकडे असतं तर इस्त्रीच्या साडीचा निकालच लागला असता.

"अगं, मान वाकडी करून खायचं," समोरची सोनल हसत म्हणाली. "टाको सरळ ठेवायचा आणि आपण वाकायचं. मलापण लेकीनेच शिकवलंय."

"आपणच वाकायचं का?" डोरोथीने विचारलं.

प्रश्नातली धार सोनलच्या लक्षात आली नाही. ती आज भलत्याच खुशीत होती. तिच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली होती आणि त्याची पार्टी म्हणून ती डोरोथीला घोडबंदर रोडवरच्या मॉलमधल्या या मेक्सिकन हॉटेलात घेऊन आली होती. भिंतीवर रंगवलेले निवडुंग, छताला टांगलेल्या मोठ्या काठाच्या टोप्या, आणि भर दुपारी दिवे लावलेले. वेटर आला तेव्हा डोरोथीने मेनू नुसता उघडला होता, तेवढ्यात सोनलने त्याला बजावलंसुद्धा.

"नॉनव्हेज कशातच नको हां. मॅडमचा लेंट, ईस्टरआधीचा उपवास, चालू आहे. आज शुक्रवार."

एखाद्या शुक्रवारी डोरोथी स्वतः विसरली असती. सोनल विसरणार नाही. डोरोथीला वांग्याने खाज सुटते, तिला पंख्याखाली बसवत नाही, तिचे पप्पा कुठल्या महिन्यात गेले, सगळं सोनलला पाठ. अशी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं असं डोरोथी आजवर सगळ्यांना सांगत आली होती. पंधरवड्यापूर्वीपर्यंत तरी सांगत होती.

दोघी ठाण्याच्या कोर्टात एकाच खोलीत टाइप करायच्या, राहायच्याही वर्तकनगरमध्येच, मागच्यापुढच्या बिल्डिंगमध्ये. डबा एक, सकाळची रिक्षा एक, बॉसच्या नकला एक. सोनलने नोकरी लवकर सोडली आणि ती लिहायला लागली. आधी दिवाळी अंकात गोष्टी, मग ही कादंबरी. प्रेमाची, पण अशी सोज्ज्वळ की आजीने नातीला बिनधास्त वाचायला द्यावी. मुखपृष्ठावर तलाव, छत्री आणि पाठमोरी मुलगी. सोनलच्या हातून भेट मिळायची वाट न बघता डोरोथीने ती प्रदर्शनातून विकत आणली होती. मैत्रिणीला चकित करायचं होतं ना! पुस्तक समोर आलं की म्हणायचं, वाचलं पण मी, कधीच!

सुरुवातीची पानं तिने कौतुकाने वाचली. आपली सोनल काय मस्त लिहिते, असं दोनदा मोठ्याने म्हणालीही. मग नायक आला. माधव त्याचं नाव. तो तलावपाळीवर नायिकेची वाट बघत बसायचा, आणि बसल्या बसल्या भाजलेल्या शेंगा सोलून दाणे रुमालात ठेवायचा. ती ऑफिसमधून सुटून आली की रुमालाची गाठ सोडून तिच्यापुढे धरायचा.

डोरोथीने तेव्हा उठून आधी दार लावलं होतं. घरात कोणी नव्हतं, तरी लावलं.

कारण रुमालातले ते दाणे तिने स्वतः खाल्ले होते. माधवचं खरं नाव महिपत. कोर्टातच क्लार्क होता. लग्नाआधी वर्षभर ती त्याला तलावपाळीवर भेटायची. हे जगात तिसऱ्या कुणाला माहीत असलंच तर सोनलला. पुढे पुष्कळ वर्षांनी महिपत बदलीच्या गावी वारल्याची बातमी ऑफिसात आली, तेव्हा डोरोथी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन रडली होती. सोनल मागोमाग आली, तिने आतून कडी घातली आणि विचारलं, काय झालं. डोरोथीने सगळं सांगितलं. सोनलने लेकीची शपथ घेतली होती, कुणाला बोलणार नाही म्हणून. आता ती कुणाला बोलली नव्हती हे खरंच. छापलं होतं फक्त.

पुस्तक वाचून झाल्यावर डोरोथीने ते कपाटात साड्यांखाली दडपून ठेवलं. तिचा नवरा बॉस्को बसडेपोतला मेकॅनिक, आता रिटायर. हल्ली त्याला वाचायचं वेड लागलं होतं; चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून, हाताला येईल ते वाचायचा. तो साड्यांना हात लावत नाही, एवढाच काय तो तिला धीर होता. आज इथे येताना तिने मनाशी पक्कं केलं होतं: सोनलकडून वदवून घ्यायचं, आणि बॉस्कोपर्यंत हे पुस्तक कधीही पोचणार नाही असा शब्द घ्यायचा.

"नाचोज घे ना," सोनल म्हणाली. "हे हिरवं आहे ते आव्होकाडोचं. चटणी समजून खा."

"सोनल, शेंगदाणे कुठून आणलेस?"

सोनलचा हात वाटीवर थांबला. "कुठले गं?"

"माधव रुमालात ठेवतो ते."

सोनलने इकडेतिकडे बघितलं. मग ती लाडात हसली. शाळेतल्या मुलीची वहीखालची चिंच पकडली गेल्यावर येतं तसलं हसू.

"वाचलीस? कधी? आणि मला सांगितलं नाहीस? बाई, मी तुझ्यासाठी खास प्रत आणलीये." तिने पर्समधून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. पहिल्या पानावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'प्रिय डोरोथीस, जिच्यामुळे हे सुचलं.'

"सुचलं?" डोरोथी म्हणाली.

"अगं, नावं बदललीत ना मी. महिपतचा माधव केला, तुझी एव्हलिन केली. कोर्टाच्या जागी पोस्ट ऑफिस घातलं. कुणाला काय कळतंय?"

"मला कळलं."

"तुला कळणारच की! तुझ्यासाठीच तर लिहिलंय." सोनल पुढे झुकली. तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं, आणि डोरोथीला त्याचाच जास्त राग आला. "डोरोथी, तू रेकॉर्ड रूममध्ये ज्या तऱ्हेने रडलीस ना, ते माझ्या डोक्यातून गेलंच नाही कधी. वाटायचं, हिला आयुष्यात जे मिळालं नाही, ते निदान आपण द्यावं. कागदावर का होईना."

"मला काय मिळालं नाही?"

 सोनलने स्ट्रॉने लिंबूपाणी ढवळलं.

"नाही, सांग ना. काय मिळालं नाही मला?"

"अगं, बॉस्को चांगलाच आहे. मी कुठे नाही म्हणतेय? पण प्रेम वेगळं आणि..."

"माणूस मेला होता, सोनल. ओळखीचा, चांगला माणूस मेला. त्याच्यासाठी रडायचं नाही?"

शेजारच्या टेबलावर कॉलेजातली मुलं टोप्या घालून फोटो काढत होती. वेटर बरिटोच्या रोलची ताटली ठेवून गेला. कुणीही तिला हात लावला नाही.

डोरोथीला चीड आली होती ती नुसत्या शेंगदाण्यांची नव्हती. ती शेवटाची होती. चर्चमध्ये लग्नाआधी सलग तीन रविवार फादर मिस्सेनंतर, म्हणजे प्रार्थना संपल्यावर, नवरा-नवरीचं नाव वाचतात आणि विचारतात, या लग्नाला कुणाची काही हरकत? त्याला पुकारा म्हणायचं. कादंबरीत एव्हलिनचं लग्न सायमन नावाच्या मुलाशी ठरतं. तिसऱ्या पुकाऱ्याला माधव भर चर्चमध्ये मागच्या बाकावरून उठतो, म्हणतो, माझी हरकत आहे, आणि एव्हलिन सगळ्यांसमोर त्याचा हात धरून बाहेर पडते. सायमन मान खाली घालून उभा राहतो. पुढच्या पानापासून तो नाहीच. गायब. वाचकांनी म्हणे या प्रसंगावर सोनलला ढिगाने मेसेज पाठवले.

"मी तुला त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितलेली," डोरोथी म्हणाली. "तिसऱ्या पुकाऱ्याची. आठवते?"

"सायकलची ना?"

म्हणजे आठवत होती. सोनलला सगळंच आठवतं.

त्या रविवारी महिपत खरंच आला होता. आत नाही, रस्त्यापलीकडे, गेटासमोर. हातात गाठ मारलेला रुमाल. डोरोथी मिस्सेनंतर बाहेर पायरीवर आली आणि तिला तो दिसला. तेवढ्यात तिला कंपाउंडच्या भिंतीशी बॉस्कोही दिसला. पप्पांची सायकल उलटी करून तिची पडलेली चेन बसवत होता. नवा पांढरा शर्ट, लग्नाच्या पुकाऱ्याचा म्हणून शिवलेला, आणि हात कोपरापर्यंत काळे. डोरोथीला बघितल्याबरोबर त्याने ते हात पाठीमागे लपवले. बावळटासारखे. त्यामुळे शर्ट मागून बरबटला तो बरबटलाच. तिने आपला लेसचा रुमाल पुढे केला तर घेईना. म्हणाला, खराब होईल. तिला इतकं हसू आलं की रस्त्यापलीकडे कोण उभं आहे हे ती क्षणभर विसरून गेली. पुन्हा वळून पाहिलं तेव्हा महिपत चालू लागला होता. बास, तिथेच ठरलं. तिला कुणी बळजबरी केली नव्हती, कुणी रडवलं नव्हतं. तिने निवडलं होतं.

"मग ते कुठे गेलं?" तिने विचारलं. "शेंगदाणे घेतलेस, छत्री घेतलीस, माझ्या बांगड्यासुद्धा घेतल्यास. काळे हात का सोडलेस?"

"घेतले होते गं. लिहिलेलं होतं मी ते." सोनल आता जरा चिडली. "संपादक म्हणाले, गोंधळ होतो. मग सायमनला ती सोडते तरी का, असं वाचणाऱ्याला वाटतं. लोकांना शेवट गोड लागतो, डोरोथी. आणि खरं सांगू? तुझ्या गोष्टीला शेवटच नव्हता."

"शेवट नव्हता?" डोरोथीचा आवाज चढला; टोपीवाल्या मुलांनी वळून पाहिलं. "मग एवढी वर्षं मी जगले ते काय होतं? रफ कागद?"

 डोरोथीने पाण्याचा ग्लास उचलला, न पिता खाली ठेवला.  परक्याने केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाली असती. हिला काय म्हणायचं? हिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो आपण, आणि ही वरून पानं मोजत होती.

"ते जाऊ दे," ती शेवटी म्हणाली. "एकच सांगते. बॉस्कोच्या हाती हे पुस्तक पडता कामा नये. तो वाचतो हल्ली. तुझ्याकडे मागेल. काहीही सांग, संपलं म्हण. एवढं तरी करशील?"

सोनलने मान वर केली. 

"डोरोथी, अगं... त्याला मी गेल्या रविवारीच दिलंय. तुम्ही चर्चमधून आलात ना, तू भाजी घ्यायला थांबलेलीस, तो गेटवर भेटला. मला काय माहीत तू... त्याचा परवा फोनपण आलेला. संपवलं म्हणाला."

"काय म्हणाला?"

"छान हाय, म्हणाला. बाकी काही नाही."

परवा. डोरोथीने मनातल्या मनात परवाचा दिवस उलगडून बघितला. बॉस्कोने बोंबील तळले होते, ती दमली होती म्हणून. काल गॅलरीतल्या खुर्चीला तेल दिलं. पुस्तक तिला घरात कुठेच दिसलं नव्हतं, म्हणजे त्यानेही दडवलं होतं. आणि आज सकाळी, ती निघताना, दारात उभं राहून त्याने विचारलं होतं, "मी घ्यायला येऊ काय?"

तिला तेव्हा नवल वाटलं होतं. या रस्त्यावरचं ट्रॅफिक बघता बॉस्को तिला एकटीला रिक्षाने परत येऊच द्यायचा नाही. कोर्टात असतानासुद्धा पाऊस असो, ऊन असो, स्कूटर घेऊन गेटवर हजर. आजवर कधी विचारलं नव्हतं, यायचाच. आज विचारलं. आणि ती पर्स शोधता शोधता म्हणाली होती, "बघ बाबा, तुला जमेल तसं."

 बघ बाबा, जमेल तसं! काय ऐकलं असेल त्याने त्यात?

"तो येतोय," सोनल हळूच म्हणाली.

काचेचं दार ढकलून बॉस्को आत येत होता. हेल्मेट काखेत, केस नीट विंचरलेले. दारातल्या टोपीवाल्या पुतळ्याला वळसा घालून तो टेबलाशी आला आणि उभाच राहिला.

"खाली थांबणार व्हतो," तो म्हणाला. "वॉचमन स्कूटर लावू देईना. मग लावली पाठीमागं, आलो वर."

"बसा ना बॉस्को," सोनल घाईने म्हणाली. "घ्या काहीतरी. हे नाचोज घ्या."

तो डोरोथीच्या शेजारी बसला, पण मध्ये जागा सोडून. एक नाचो उचलून त्याने उलटसुलट बघितला, खाल्ला. "मक्याची पापडी हाय," म्हणाला, आणि मग टेबलावरच्या पुस्तकाकडे त्याचं लक्ष गेलं.  

"पुस्तक चांगलं लिवलंस, सोनलबाय. भाषा एकदम सोपी. फक्त एक चुकलंय तुझं."

सोनलने डोरोथीकडे पाहिलं. डोरोथी ताटलीतल्या टाकोच्या तुकड्यांकडे बघत होती.

"पुकाऱ्याला असं कोणी मधीच उठून उभं नाय राहत. ते पिक्चरमदी. हरकत असली तर फादरच्या ऑफिसात जायचं, कारण सांगायचं. दुसऱ्यावर प्रेम हाय, हे कारण चालतंय का नाय, ते पण फादर बघणार." तो जरासा हसला. "तुला विचारायचं व्हतं तर मला विचारायचं. सांगितलं असतं."

"पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करते," सोनल पुटपुटली.

"आणि दुसरं एक." बॉस्कोने हेल्मेट मांडीवर घेतलं आणि त्याच्या पट्ट्याशी खेळू लागला. "तो दुसरा पोरगा. ज्याचं नाव पुकारलं. मी मागचं पान पण उलटून बघितलं, मना वाटलं असंल कुठंतरी. त्याचं काय झालं पुढं?"

त्याने विचारलं सोनलला. बघत होता मात्र पट्ट्याकडे.

 एवढी पानं लिहिणाऱ्या बाईला एक वाक्य सुचेना. म्हणाली, "तो... म्हणजे तो गौण होता ना तसा, त्यामुळे..."

"तो बाहेर होता," डोरोथी म्हणाली.

बॉस्कोचे हात थांबले.

"चर्चच्या भिंतीपाशी," ती म्हणाली.  "माझ्या पप्पांच्या सायकलची चेन बसवत होता. शर्टाचं वाटोळं करून घेतलं त्याने. मी पायरीवरून सगळं बघितलं. पलीकडे कोण उभं होतं तेपण बघितलं, आणि ह्याच्याकडे गेले. कुणी ढकललं नाही मला. ऐकलंस?"

 बॉस्कोने दोन्ही हात हेल्मेटवरून काढले आणि टेबलाखाली नेले. आज ते स्वच्छ होते, साबणाने धुतलेले, तरी नेले. डोरोथीने टेबलाखालीच हात घालून त्यातला एक पकडला आणि ती उठली.

"चल. घरी जाऊ."

"पुस्तक राहिलं तुझं," तो म्हणाला.

"माझं नाही ते. तिचं आहे."

सोनल उठली नाही. "डोरोथी, अगं बस ना, कॉफी तरी..." एवढंच म्हणाली. डोरोथीने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडे बघतो तसं. मग ती वळली.

दोघं दारापर्यंत आले. टोपीवाल्या पुतळ्याजवळ बॉस्को रेंगाळला.

"चेन नव्हती गो," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा तो तिच्याकडे सरळ बघत होता. "पेडल निखळलेलं. चेन मी उगाच काढली. तू बाहेर येस्तोवर काहीतरी करत राहायला पायजे ना! तो समोर उभा दिसत व्हता मना."

डोरोथी जागच्या जागी उभी राहिली. तिला हसायचं होतं की रडायचं, तिचं तिलाच कळेना. काय बोलावं म्हणून तिने नजर फिरवली आणि ती सहज मागे गेली, टेबलाकडे.

सोनल तिथेच बसली होती. चष्मा नाकावर, मान तिरकी, कान दाराच्या दिशेने. ताटल्या बाजूला सारून तिने कागदी नॅपकिन समोर ओढला होता आणि त्यावर भराभर काहीतरी लिहीत होती.

"आणि तुझे पप्पा मना काय म्हणाले म्हायत हाय?" बॉस्को सांगू लागला.

डोरोथीने त्याचा दंड धरला.

"हळू बोल," ती म्हणाली.